अकरा अंडी, सहा कोर

प्रोसेसर फार तापतो, ही तक्रार मी तिठ्यावरच्या चहाच्या टपरीत केली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

माझं काम घरबसल्याचं आहे. ड्रोनने काढलेले जमिनीचे फोटो एकमेकांना जुळवून त्यांचा एक नकाशा करायचा आणि महिन्यातून एक-दोनदा ओरोसला, जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन तो दाखवायचा. एका गावाचे हजार-बाराशे फोटो असतात. ते जुळवताना प्रोसेसरचे सहाच्या सहा कोर, म्हणजे त्याच्या आतले गणितं करणारे भाग, राबतात. मे महिन्यात आमच्या खोलीचं तापमान एकतीस असतं, तेव्हा प्रोसेसरचं अठ्ठ्याऐंशी असतं. मी ते वहीत लिहून ठेवतो. पाणी किती वाजता आलं, गॅसचा सिलिंडर किती दिवस पुरला, हेही त्याच वहीत असतं.

माझ्या संगणकावर लिनक्स आहे. प्रोसेसरने किती वेगाने धावायचं हे ठरवणारा एक भाग त्यात असतो. त्याला गव्हर्नर म्हणतात. मी कारभारी म्हणतो. हा कारभारी आपल्याला निवडता येतो. एक कारभारी काम असो वा नसो, प्रोसेसरला पळवतच ठेवतो. दुसरा वीज वाचवणारा, कितीही काम आलं तरी आपली चाल सोडत नाही. तिसरा काम बघून वेग कमीजास्त करतो. शिवाय कमाल वेगाला मर्यादा घालता येते, आणि वाटलं तर एकेक कोर बंदही करता येतो. मी कमाल वेग चार गिगाहर्ट्झवरून दोन पॉइंट आठवर आणला. तापमान अडुसष्टवर उतरलं. नकाशाला तीन तासांऐवजी चार तास लागायला लागले, पण हा व्यवहार मला पटला.

हे सगळं मी टपरीत वीस मिनिटं सांगितलं. ऐकायला एकच माणूस होता: आमच्या वाडीचा मानकरी. दरवर्षी राखणीला वाडी सांभाळणाऱ्या देवाला, राखणदाराला, कोंबडा आणि नारळ देतात, तेव्हा गाऱ्हाणं तो घालतो. एरवी आमच्यासारखाच लुंगी लावून बसलेला असतो.

"अठ्ठ्याऐंशी?" तो म्हणाला. "मेल्या, तेच्यार घावणे काढ."

"आता अडुसष्ट आसा."

"मगे अंडी उकड."

संध्याकाळी शेजारची काकी टोपली घेऊन दारात उभी राहिली. काकी सत्तरीची, एकटी राहते. तिचा मुलगा बोटीवर असतो.

"तुझा मशीन तापता म्हणे?"

"तापायचा, काकी. आता नाय तापणा. मी इलाज केलंय."

"तो इलाज काढ."

टोपलीत भाताच्या पेंढ्यावर अकरा अंडी होती.

काकीची अडचण मला ठाऊक होती. आदल्या वर्षी तिच्या मुलाची बोट कुठल्याशा परक्या बंदरात अडकून पडली होती आणि त्याचा फोनही लागत नव्हता. तेव्हा तिने राखणदाराला बोलून ठेवलं होतं, झिल सुखरूप घरी आला तर कोंबडा देईन, आणि तो विकतचा नाही, घरच्या पैदाशीचा. झिल आला, दोन महिने मासे खाऊन पुन्हा बोटीवर गेला. बोलणं तसंच राहिलं. मग मुंगसाने आधी कोंबडा नेला, आणि त्या दिवशी सकाळी अंड्यांवर बसून दोन दिवस झालेली खुडूक कोंबडीही नेली. मागे राहिली ती ही अकरा अंडी. वाडीत दुसरी खुडूक कोंबडी नव्हती. काकी सहा घरं फिरून आली होती.

"चाळीसचो बल्ब लाव," मी म्हटलं.

"बाजारात सगळे आताचे पांढरे बल्ब. पेटयलंय आणि हात लावलंय. थंड! मेल्यांनी उजेडातली ऊबच काढून घेतली."

"देवगडात एकाकडे अंडी उबवूचा यंत्र आसा. तेका देव."

"देवगडात जल्मलो तर तो देवगडचो झालो. मी घरचो बोललंय. उद्या झिलाची बोट परत खंय अडाकली तर राखणदार माका काय म्हणतलो? पयलीच बोली खोटी, आता कित्याक इलंस?"

हे तिने डोळ्यांत पाणी न आणता सांगितलं, म्हणून मला नाही म्हणता येईना. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "घेवा ओ. नायतरी दिवसभर आकडेच बघीत बसलेले असतास."

अंड्यांना साडेसदतीस अंश लागतात, एकवीस दिवस. मी संगणकाच्या पाठच्या पंख्याला आंब्याची पुठ्ठ्याची पेटी चिकटपट्टीने जोडली, आत पेंढा घातला, एका वाटीत पाणी ठेवलं आणि तारेचा थर्मामीटर सोडला. अंडी एकदम ठेवायला मन धजेना. म्हणून आधी अकरा बटाटे ठेवून दोन तास चाचणी घेतली. काकी अंडी गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसली होती.

"बटाट्यांतसून काय भायर येतला?" तिने विचारलं.

"आकडो येतलो, काकी."

पहिला कारभारी लावून सहाही कोर पळवले तेव्हा पेटीत एक्केचाळीस झालं. वीज वाचवणारा लावला तर चौतीस. शेवटी तीन कोर चालू आणि कमाल वेग दोन पॉइंट दोन, असं केल्यावर आकडा सदतीस पॉइंट सहावर थांबला. बटाटे बाहेर आले, अंडी आत गेली. ज्या यंत्राला थंड करायला मी पंधरा दिवस घालवले होते, त्याला आता मोजून मापून तापवायचं होतं.

पण कोर नुसते चालू ठेवून ऊब येत नाही, त्यांना काम लागतं. नकाशाचं काम संपलं की पेटी अर्ध्या तासात निवायला लागायची. म्हणून मी मूळ संख्या शोधत बसणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. नकाशा थांबला की तो सुरू व्हायचा. हे मला आतून खुपत होतं. एवढी वीज आणि एवढी गणितं कशासाठी, तर नुसत्या उष्णतेसाठी. मी ते बायकोला बोलून दाखवलं.

"कोंबडी तरी बसान काय काम करता?" ती म्हणाली.

मी प्रोग्राम चालू ठेवला.

अंडी दिवसातून पाच वेळा उलटायची असतात. प्रत्येकाच्या एका अंगाला पेन्सिलीने फुली आणि दुसऱ्या अंगाला गोल काढला. काकी पाचही वेळा यायची, कमरेवर हात ठेवून विचारायची, "ताप किती?" आणि मी आकडा सांगितल्यावर तो खरा आहे का ते बघायला स्वतःचं मनगट पेटीत घालायची. तिचं मनगट आणि माझा थर्मामीटर यांच्यात अर्ध्या अंशाचा फरक पडायचा. थर्मामीटर चुकतो असं तिचं मत होतं. पाचव्या दिवशी मी तो बर्फाच्या पाण्यात घालून तपासला. तो खरोखर पॉइंट चारने चुकत होता.

सातव्या दिवशी अंड्यांत जीव धरला आहे का हे बघायचं होतं. त्याला अंधार लागतो. दुपारी साडेतीनला, मे महिन्यात, मी, बायको आणि काकी असे तिघे एका गोधडीखाली मोबाइलचा टॉर्च घेऊन बसलो. नऊ अंड्यांत लाल शिरा दिसल्या. दोन कोरी होती. ती मी वहीत कमी केली. काकीने ती विहिरीपलीकडे नेऊन पुरली आणि आल्यावर म्हणाली, "नवांत एक तरी कोंबो असात?"

"अर्धे धरूक हरकत नाय."

"माका अर्धो नको. आखो होयो."

मधे एकदा मला ओरोसला जावंच लागलं. बायकोला मी कागदावर लिहून दिलं होतं: अडतीसच्या वर गेलं तर कमाल वेग एक पायरी खाली, सदतीसच्या खाली आलं तर एक कोर चालू. कार्यालयात माझा नंबर येईस्तोवर फोन तीनदा वाजला.

"अडतीस पॉइंट दोन झाला. काय करू?"

"दोन पॉइंट शून्यवर आण. आणि पाणी बघ. वाटीतला."

"काकी म्हणता ओला फडका घालूया."

"नको! फडका अजिबात नको. उलटलंस काय?"

समोरच्या टेबलावरचे कारकून माझ्याकडे बघत होते. त्यांनी माझी फाइल ढिगातून वर काढली आणि हलक्या आवाजात, शुद्ध भाषेत विचारलं, "घरी कुणी आजारी आहे का? तुमचं आधी करून देतो."

गप्प राहिलो असतो तर काम दहा मिनिटांत झालं असतं. पण खोट्या सहानुभूतीवर पुढे सरकलेली फाइल मला घरी नेता आली नसती. मी म्हटलं, "आजारी नाही. अंडी आहेत. संगणकावर ठेवलीयत."

त्यांनी फाइल परत ढिगात ठेवली. मग आवाज आणखी खाली आणून विचारलं, "गावठी? माका दोन तलंगा ठेवशात? कोंबे नको."

सतराव्या दिवशी सगळं सुरळीत होतं. वहीतले आकडे एका ओळीत होते. तेव्हा मासळीवाली दारात आली. बांगडे काढता काढता तिने पेटीत डोकावून बघितलं, सगळी हकिकत ऐकली आणि काकीला म्हणाली, "म्हणजे काकी, अंडी तुझी, पण कोंबडी तेंची. आणि जल्मतली तेंच्याच घरात. मगे कोंबो तुझ्या घरचो कसो?"

काकीने बांगडे घेतले नाहीत. संध्याकाळच्या पाळीला आली तेव्हा तिने मनगट पेटीत घातलं नाही.

"माझ्या घराक होया," ती म्हणाली. "फुटूच्या आधी."

"अंडी गोधडीत घालून नेव या. तुझ्या घराकडे मशीन लावतंय, पंधरा मिनटांचा काम. कोंबडीय दिवसातून तेवढी उठता."

"ती आपसून उठता. आता शेवटचे तीन दिवस. बसलेल्या कोंबडीक कोण हलवीत नाय. हलवलाच तर अंडी, पेंढो, सगळा रोवण्यासकट उचलून हलवतत. कोंबडीक मारून नाय हलवीत."

म्हणजे संगणक चालू ठेवून न्यायचा. वीज गेली की त्याला सांभाळणारी बॅटरी असते, तिच्यावर.

मी रात्रभर तळमळलो वगैरे नाही. बॅटरीची चाचणी घेतली. सध्याच्या भारावर ती अकरा मिनिटं टिकत होती. आमच्या खळ्यापासून काकीच्या ओटीपर्यंत चौऱ्याहत्तर पावलं, मधे कुंपणाचा चिऱ्यांचा गडगा, त्याला अलीकडे तीन आणि पलीकडे दोन पायऱ्या. मोकळ्या हाताने दीड मिनिट. पण पंधरा किलोचं यंत्र, आठ किलोची बॅटरी आणि पेटी फळीवर घेऊन किती, ते वहीत नव्हतं. वीज वाचवणारा कारभारी लावला, मूळ संख्या थांबवल्या, मॉनिटर काढला, की बॅटरी सव्वीस मिनिटं टिकत होती. पण मग पेटी निवणार. मी हिशोब मांडला: दहा मिनिटांत दीड अंश उतरेल. चालेल.

अठराव्या दिवशी सकाळी आम्ही दाराची एक जुनी फळी आणली. चार कोपऱ्यांना चार माणसं: मी, बायको, मासळीवाली आणि मानकरी. मासळीवालीला काकीने मुद्दाम बोलावलं होतं. "शंका तुझी, मगे खांदोय तुझो." मानकरी रस्त्याने चालला होता, त्याला मी हाक मारली. त्याने काही विचारलं नाही. लुंगी वर खोचली आणि कोपरा धरला.

मी कारभारी बदलला आणि प्लग काढला. बॅटरी लगेच ओरडायला लागली. दर पाच सेकंदांनी एकदा. आम्ही फळी उचलली. काकी मागून पाण्याची वाटी घेऊन चालत होती. ओरडणाऱ्या फळीवर गोधडीने झाकलेली पेटी घेऊन चार माणसं चालली आहेत, हे बघून रस्त्यावर पर्यटकांची एक गाडी आपणहून थांबली. ड्रायव्हरने गाडीतली गाणी बंद केली. आतल्या एका गृहस्थांनी टोपी काढली. त्यांना सांगायला मला वेळ नव्हता. सहा मिनिटं झाली होती आणि आम्ही गडग्याच्या पहिल्या पायरीवर होतो.

"वर धर गो, वर!" मानकरी ओरडला.

"माझ्या खांद्यात आसा काय वर? पाटी डोक्यार घेवची सवय माका, फळी नाय!" मासळीवाली म्हणाली.

"मगे डोक्यार घे!"

तिने खरंच घेतली. फळीचा एक कोपरा एकदम हातभर वर गेला, पेटी माझ्या बाजूला सरकली. मी ती छातीने अडवली आणि तशीच, छाती लावून, तीन पायऱ्या चढलो आणि दोन उतरलो. बायको सारखी आकडा वाचत होती. सदतीस. छत्तीस पॉइंट सहा. छत्तीस पॉइंट तीन. काकीच्या ओटीवर फळी टेकली तेव्हा नऊ मिनिटं चाळीस सेकंद झाले होते आणि पेटीत छत्तीस पॉइंट एक होतं. माझा अंदाज बरोबर आला होता. शर्टाची तीन बटणं मात्र गेली.

मग नवीनच घोळ समोर आला. काकीच्या माजघरावर पत्रा आहे. दुपारी तिथे पस्तीस अंश असतात. मी वीज वाचवणाराच ठेवला, तरी पेटी अडतीस पॉइंट चारवर गेली. कमाल वेग सगळ्यात खालच्या पायरीवर आणला. सहापैकी चार कोर बंद केले. सोळा दिवस ज्याला कामाला लावायला धडपडलो, त्याला आता काही म्हणजे काही करू नकोस असं सांगत होतो. शेवटी पेटीला दोन भोकं पाडली तेव्हा आकडा जागेवर आला. म्हणजे दुपारपुरती तरी काकीच्या घरात अंडी नुसती जमिनीवर ठेवली असती तरी चाललं असतं. हे मी वहीत लिहिलं. काकीला सांगितलं नाही.

विसाव्या दिवशी अंड्यातून आवाज आला. एकविसाव्या दिवशी दुपारपर्यंत नवांपैकी सात फुटली. दोन फुटली नाहीत. का, ते मला आजही सांगता येत नाही. आकडे सगळे बरोबर होते. पहिलं पिल्लू ओलं, वाकडं, उलटं पडून बाहेर आलं. काकी चुलीपुढून धावत आली आणि तिने त्याला हात न लावता आधी घराच्या चारी भिंतींकडे बघितलं, जणू त्यांनीही बघून ठेवावं.

पिल्लांना पुढचे तीन आठवडे ऊब लागते. म्हणून संगणक तिथेच राहिला आणि मी रोज काकीच्या माजघरात जाऊन नकाशे जुळवले. नकाशाचं काम सुरू झालं, पंख्याचा आवाज वाढला, की सातही पिल्लं धावत येऊन मागच्या जाळीला चिकटायची. थांबला की ओरडायची. त्या महिन्यात माझे नकाशे वेळेआधी झाले.

सातांत तीन कोंबडे निघाले. थंडी पडल्यावर राखण आली. वाडीच्या टोकाला, माडांच्या मागे जांभ्या दगडाचा एक चौथरा आहे, तिथे सगळे जमलो. काकीने त्यातला तुरेवाला, पायांना पिवळा कोंबडा उराशी धरला होता. मानकरी पुढे उभा. त्या दिवशी तो वेगळाच माणूस असतो.

"कोंबो घरचो?" त्याने विचारलं.

"घरचो," काकी म्हणाली. "माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत फुटलो. ह्यो साक्षीक आसा." आणि तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

काकीचा आवाज किंचित चढला होता. मला एवढंच म्हणायचं होतं की होय. पण वही माझ्या खिशात होती, आणि समोर चौथरा होता.

"दोन दिवस कोंबडीखाली," मी म्हटलं, "सोळा दिवस माझ्या घरात, आणि तीन दिवस काकीच्या घरात. फुटलो काकीकडे."

बायकोने माझ्या दंडाला बारीक चिमटा काढला. काकी कोंबड्याला आणखी घट्ट धरून मानकऱ्याकडे बघत राहिली. वर्षभराचं सगळं तिच्या तोंडावर आलं होतं.

मानकऱ्याने चौथऱ्यावरची सुकी पानं हाताने झाडली. मग म्हणाला, "आमच्या वाडीतली अर्धी माणसा मुंबयच्या हॉस्पिटलात जल्मली. खंय उबली, खंय फुटली, राखणदारान कधी इचारला? मूळ खंयचा, ता बघतत. अंडा काकीचा ना?"

"काकीचाच," मी म्हटलं.

"मगे कोंबो काकीचो. खंयव फुटलो असतो तरी."

काकीने एक क्षण डोळे मिटले. उघडले तेव्हा ती आधी मासळीवालीकडे बघत होती आणि मग मानकऱ्याकडे.

"मेल्या, मगे ता मशीन आमी कित्याक उचलला? तूय उचललंस ना? तेव्हा सांगूक काय झाला होता तुका?"

"तुमी इचारलास खंय?" मानकरी म्हणाला. "उचल म्हणालास, उचललंय."

त्याने नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. बोटीवरच्या झिलाचं घातलं, काकीचं घातलं, तुझ्या एका लेकराने यंत्राच्या उबेवर हा जीव वाढवला त्याची रीत नवी असली तरी गोड मानून घे, असंही घातलं. आम्ही प्रत्येक वाक्याला होय म्हाराजा म्हणालो. सगळ्यात मोठ्याने काकी म्हणाली.

"पोचला?" शेवटी तिने विचारलं.

"पोचला," मानकरी म्हणाला.

तिने कोंबडा त्याच्या हातात दिला, पदराने हात पुसले आणि माडाला टेकून खाली बसली. बोट अडकल्यापासून तिला मी कधी असं टेकून बसलेलं बघितलं नव्हतं. जेवण तिथेच शिजलं. वाटप मानकऱ्याने केलं. माझ्या पानात दोन तुकडे आले. मला वाटलं होतं, आपल्याला खाववणार नाही. पण रस्सा चांगला झाला होता आणि मी भात दोनदा घेतला.